रंगीत तालीम पाहून विजेतेपद कसं ओळखावं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरात, शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. दुकानात बिल करणारी बाई विचारते, दातांचे डॉक्टर तोंडात यंत्र घालून विचारतात: 'मग, यंदा काय वाटतं?' प्रश्न मक्याच्या पिकाचा नसतो, निवडणुकीचाही नसतो. तो नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबद्दल असतो. मी नवा होतो तेव्हा 'मला त्यातलं काही कळत नाही' असं खरं उत्तर दिलं आणि पुढचा पाऊण तास उभ्याने ऐकून घेतलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे टिपण.

तूर्त एक वाक्य पाठ करा: 'बचावफळी तयार दिसतेय, बघू या.' एवढ्यावर सप्टेंबरपर्यंत निभावतं.

आधी खेळ. मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं आणि पाटाकडील तालीम विरुद्ध दुसऱ्या कुठल्या तरी पेठेची खुन्नस. इथला फुटबॉल तो नव्हे. चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा आणि पायाचा संबंध अधूनमधून. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, दोन्ही एकाच संघाचे. पण एका वेळी एकच टोळी मैदानात. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे.

हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. त्याआधी महिनाभर सराव-शिबिर चालतं आणि त्यात मधल्या एखाद्या शनिवारी संघ आपसांतच पूर्ण सामना खेळतो. त्याला इथे 'स्क्रिमेज' म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: रंगीत तालीम. पोशाख चढवलेला, रंग लावलेला, पडदा तेवढा बंद. हा सामना बहुधा लोकांना बघू देत नाहीत. पत्रकारांना सरावाची चार मिनिटं दाखवून बाहेर काढतात. त्यामुळे ज्याचा अर्थ लावायचा ती गोष्ट कुणीच पाहिलेली नसते, ही नवशिक्यासाठी मोठीच सोय आहे. तुमचं आणि चाळीस वर्षं सामने पाहणाऱ्याचं अज्ञान एका पातळीवर येतं.

साहित्य फार लागत नाही. एक लाल टी-शर्ट. एक घडीची खुर्ची. आणि असा एक शेजारी, ज्याचं गॅरेज उघडं असतं.

माझे शेजारी निवृत्त शेतकरी आहेत. डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी, तिच्या कडेला घामाची पांढरी रेघ. गॅरेजात गाडी नसतेच. जुना फ्रिज, रेडिओ आणि खुर्च्या असतात. तालमीच्या संध्याकाळी त्यांची बायको रंझा गरम करून आणते. रंझा म्हणजे पावात भरलेला गोमांसाचा खिमा, कोबी आणि कांदा. शाकाहाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. मग शेजारी खिशातून फोन काढतात, विद्यापीठाने टाकलेला सरावाचा एक फोटो दोन बोटांनी मोठा करत नेतात आणि मागच्या बाजूला धूसर दिसणाऱ्या एका पाठीवर बोट ठेवतात. 'हा बघ. हा कुणाच्या शेजारी उभाय?' मला ठिपके दिसतात. त्यांना अख्खा हंगाम दिसतो.

याच माणसाला मक्याबद्दल विचारा. शेताच्या कडेला उभे राहून कणसावरचे दाणे मोजतील, आभाळाकडे बघतील आणि मनातल्या आकड्यातून थोडं कमी करूनच सांगतील. पन्नास वर्षं गारपीट आणि दुष्काळ पाहिलेला माणूस. फुटबॉलचा आकडा मात्र मनातल्यापेक्षा तीनने वाढवून सांगतात. हा हिशेब वेगळ्या वहीत ठेवायचा असतो, हे मला उशिरा कळलं.

आता मुख्य कौशल्य. समजा, तालमीची बातमी बाहेर आली: क्वार्टरबॅकने तीन वेळा चेंडू चुकीच्या माणसाच्या हातात दिला. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू वाटणारा मुख्य गडी. सरावात त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाचा शर्ट असतो, म्हणजे याला पाडायचं नाही. आपल्याकडे मुंज झालेल्या बटूला त्या दिवशी कुणी रागावत नाही, तसं.) नवशिक्याला वाटतं, आता काही खरं नाही. चूक. ज्याच्या हातात चेंडू गेला तोही आपलाच! म्हणजे आपली बचावफळी यंदा काय चीज आहे बघा. उलट बातमी आली, क्वार्टरबॅकने बचावाच्या चिंध्या केल्या, तर बचावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आक्रमणाचं कौतुक करायचं. आणि दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडल्या तर? तर सामना 'चुरशीचा' झाला. आपण आपल्याशीच खेळतो तेव्हा जिंकणारा आपलाच असतो, आणि हरणाऱ्याकडे बघायचं नसतं. एवढं जमलं की अर्धा अभ्यासक्रम संपला.

प्रशिक्षक तालमीनंतर पत्रकारांपुढे येतात. त्यांची भाषा लग्न जुळवणाऱ्यांच्या भाषेसारखी ऐकावी. 'फिल्म पाहिल्यावर सांगतो' म्हणजे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नव्हतं. 'मुलं फार मेहनती आहेत' म्हणजे वेग कमी आहे. 'आमच्यात सखोलता आली आहे' म्हणजे पहिल्या फळीतलं कुणीतरी लंगडतंय. 'तो शिकतोय' याचा अर्थ मी सांगायची गरज नाही. आणि कुणी म्हणालं, अमक्याला 'रेडशर्ट' करणार, तर तो आपल्यासारखा लाल शर्ट घालून येणार असं समजू नका. रेडशर्ट म्हणजे त्याला यंदा राखून ठेवणार, त्याचं खेळण्याचं एक वर्ष वाचवणार. मी पहिल्या वर्षी या शब्दावर टाळ्या वाजवल्या होत्या.

काळ्या शर्टांचं प्रकरण मात्र खरंच समजून घेण्यासारखं आहे. साठच्या दशकापासून इथे पहिल्या फळीतल्या बचावपटूंना सरावासाठी काळा शर्ट देतात. शर्ट साधाच, पण तो मिळवावा लागतो आणि काढूनही घेतला जातो. कुठल्या वर्षी कुणाला, कधी मिळाला, न मिळण्यामागे काय इशारा होता, यावर गॅरेजांमध्ये जी चर्चा चालते ती आपल्याकडे फक्त मंत्रिमंडळ विस्ताराच्या वेळी ऐकायला मिळते.

थोडा इतिहासही लागतो, नाहीतर या आशेचं वजन कळत नाही. बॉब डेव्हनी या प्रशिक्षकाने 1970 आणि 1971 साली राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्यांचे वारस टॉम ऑसबोर्न पंचवीस वर्षं टिकले, एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, आणि 1994, 1995, 1997 अशी तीन विजेतेपदं देऊन बाहेर पडले. पुढे लोकांनी त्यांना अमेरिकेच्या संसदेत पाठवलं, त्यात नवल नाही. राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास, मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ इथे नाही. जे काही आहे ते हेच. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी ते मैदान ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. जेवढी माणसं मिरज-सांगलीत एका मोठ्या सभेलाही जमत नाहीत, तेवढी सगळी लाल कपड्यांत.

एवढं सुख पाहिलेल्यांचं पुढे काय होतं? 2003 साली प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांनी नऊ सामने जिंकले आणि त्यांना काढून टाकलं, कारण नऊ कमी होते. बो पेलिनी यांनी सात वर्षं दरसाल नऊ किंवा दहा जिंकले; त्यांनाही 2014 मध्ये नारळ दिला. त्यानंतर 2016 चा अपवाद सोडला तर एकदाही नऊ विजय झालेले नाहीत. सोन्याच्या अंड्यांची गोष्ट इथेही ठाऊक असावी, पण ती बहुधा विद्यापीठाला कुणी सांगितली नाही.

आता एक सोडवलेलं उदाहरण. 2018 साली स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून आले. 1997 च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, याच राज्यातले, शिवाय आधीच्या वर्षी फ्लोरिडात एका संघाला एकही सामना न हरता नेलेले. म्हणजे गावचा मुलगा परदेशात नाव काढून परत आला. त्यांची वसंतातली पहिली खुली तालीम झाली, लाल विरुद्ध पांढरे, दोन्ही आपलेच. बघायला माणसं आली 86,818. लक्षात घ्या, हा सराव होता. मग सप्टेंबरमध्ये पहिला खरा सामना लागला. सुरुवातीचा चेंडू मारला गेला, आभाळात वीज चमकली, खेळ थांबला आणि सामनाच रद्द झाला. पुढचे सहा सामने ओळीने हरले. सहा पराभवांनी हंगाम सुरू होण्याची शाळेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. यातून नवशिक्याने काय शिकावं? माझ्या शेजाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा: तो रद्द झालेला सामना आपण जिंकलो असतो, आणि मग सगळंच वेगळं झालं असतं.

2021 मध्ये संघ नऊ सामने हरला, पण एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा. इथे तो पराभवांचा आकडा मानत नाहीत. जवळजवळ बारापैकी बारा जिंकल्याचा पुरावा मानतात.

आणि स्वाध्यायासाठी 2022 चा ऑगस्ट. त्या शिबिरात फ्रॉस्ट यांनी पत्रकारांना सांगितलं की आघाडीच्या फळीतले जाडजूड गडी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली दर सरावाला पंधरा-वीस वेळा ओकतात. आता सांगा, ही बातमी चांगली की वाईट? ज्याने 'बिचारी मुलं' असं उत्तर दिलं त्याने हे टिपण पहिल्यापासून वाचावं. गॅरेजात त्या संध्याकाळी वातावरण इतकं प्रसन्न होतं की रंझा दुसऱ्यांदा गरम झाला. ओकतायत म्हणजे कसून घेतायत. कसून घेतायत म्हणजे यंदा शेवटच्या पाव भागात दम टिकणार. काही दिवसांनी संघ पहिल्या सामन्यासाठी आयर्लंडला, डब्लिनला गेला. 28-17 असा पुढे असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू जवळच मारून परत हिसकावण्याचा जुगार खेळला, तो फसला, आणि 31-28 ने सामना गेला. 11 सप्टेंबरला त्यांची नोकरीही गेली. विद्यापीठ आणखी तीन आठवडे थांबलं असतं तर त्यांना द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, पण थांबवेना. माझ्या दृष्टीने या संघाच्या प्रेमाचं हे सर्वांत अचूक मोजमाप आहे.

काही जण म्हणतात, तालमी आता बंदच होत चालल्या आहेत. ते खरं आहे. खेळाडूंना शाळा बदलणं सोपं झालं, त्यांच्या नावावर पैसा मिळू लागला, तेव्हापासून आपली तालीम म्हणजे इतरांसाठी दुकानाची काच. 2025 मध्ये मॅट रूल या सध्याच्या प्रशिक्षकांनी वसंतातला नेहमीचा सामना नको म्हटलं तेही यासाठीच: टीव्हीवर आपला चांगला खेळाडू दिसला की दुसरा कुणीतरी त्याला उचलतो. नाटकवाल्यांना हे दुःख समजेल. शेजाऱ्यांना मात्र बंद पडद्याचं काही वाटत नाही. न दिसलेल्या तालमीत चेंडू कधी हातातून निसटत नाही.

नवशिक्याकडून हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. 'गेल्या वर्षी काय झालं?' असं ऑगस्टमध्ये विचारू नका. मी एकदा विचारलं. शेजारी रेडिओचा आवाज कमी करून म्हणाले, 'गेल्या वर्षी तालीम वेगळी होती.' मग उठून फ्रिजमधून दोन बाटल्या आणल्या, एक माझ्या हातात दिली आणि पुन्हा त्या धूसर पाठीचा फोटो काढला.

पण आशा कधीतरी फळतेही. 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर संघाने बॉस्टन कॉलेजला 20-15 ने हरवलं. हंगामोत्तर सामना जिंकण्याची ही 2015 नंतरची पहिली वेळ. हंगामाचा हिशेब सात विजय, सहा पराभव. गॅरेजात त्या दिवशी थंडी होती, तरी दार उघडंच ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता यावं म्हणून.

तर ऑगस्ट आला की टी-शर्ट बाहेर काढा आणि पहिल्यांदा धुताना वेगळा धुवा. त्याचा रंग जातो.