पॅकेज : वेट प्लस कार्डिओ

डॉक्टरांनी आधी माझ्या रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहीतरी सुरू करा." डोंबिवलीकराला काहीतरी सुरू करा म्हटलं की तो आधी भिशी सुरू करतो, नाहीतर व्याख्यानमाला. दोन्ही करून झालं होतं, म्हणून जिम लावली.

काउंटरवरच्या बाईंनी दोन दर दाखवले. नुसतं वेट, आणि वेट प्लस कार्डिओ. दुसरा साडेतीन हजारांनी महाग. ट्रेडमिल विजेवर चालतो आणि डंबेल आपल्यावर, एवढाच त्यातला फरक. "काका, दोन्ही घ्या. एकत्र केलं की रिझल्ट लवकर येतो," बाई म्हणाल्या. घेतलं. पावती खिशात घालून दहा पावलं आत गेलो तर ट्रेनर म्हणाला, "काका, दोन्ही एकत्र करू नका हां. कार्डिओनं गेन्स जातात."

गेन्स म्हणजे कमावलेले स्नायू. माझे अजून यायचे होते. जे आलंच नाही ते जाईल अशी धास्ती मला आजवर फक्त महागाई भत्त्याच्या थकबाकीची वाटली होती. आणि काउंटरवर एकत्र असलेले आत गेल्यावर वेगळे होतात, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मतदाराला नव्यानं सांगायला नको. पैसे परत मिळणार नव्हते. तेही मतदाराला माहीत असतं.

माझी खरी अडचण मात्र भौगोलिक आहे. डोंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनं आणि ठाणे पाच. कल्याणला माझा आतेभाऊ राहतो, तो वेटवाला. ठाण्याला मेहुणा राहतो, तो कार्डिओवाला. मध्ये मी.

मेहुण्याला सहा वर्षांपूर्वी कोणीतरी उपवन तलावाला एक फेरी मारायला नेलं. मनानं तो अजून परतलेला नाही. येऊरचा चढ, घोडबंदर रोडचा सर्व्हिस रोड, वर्षा मॅरेथॉन, असं करत करत त्याच्या घरी किल्ल्या अडकवायच्या खुंटीवर आता मेडलं लटकतात आणि किल्ल्या सापडत नाहीत. बोलताना तो माणसांच्या वयाऐवजी त्यांचा पेस सांगतो. "भाऊजी, दंड फुगवून काय करायचंय? हृदय हा एकच स्नायू खरा." ठाणेकरांच्या रक्तातच धावणं आहे, असं त्याचं मत. पुरावा म्हणून तो १६ एप्रिल १८५३ ही तारीख देतो. बोरीबंदरहून पहिली गाडी धावत निघाली ती ३४ किलोमीटरवर ठाण्यालाच थांबली. ती वाफेवर धावली होती आणि हा इलेक्ट्रॉलच्या पाण्यावर धावतो, हा तपशील तो सोडून देतो.

आतेभाऊ इतिहासात त्याच्याही मागे जातो. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि खाडीकाठी गलबतं बांधायला घेतली. सागाचे ओंडके खांद्यावर वाहणाऱ्या गावाचे आपण वारस, असं तो सांगतो. त्याचे वडील पोस्टात होते. जिम त्याच्या घरापासून चार इमारती सोडून आहे. तिथे तो स्कूटरवर जातो, कारण चालत गेलं तर कॅलरी वाया जाते. जुना पत्री पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला. मधली दोन वर्षं सगळं कल्याण कोंडीत उभं राहून कावलं, हा एकटा खुशीत होता. त्याच्या हिशेबी ती दोन सेटमधली विश्रांती होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दोघे आमच्याकडे जेवायला होते. मी पोळीला तूप लावता लावता सहज विचारलं, "एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं का रे?" त्यानंतर वरणाला कोणी हात लावला नाही.

आतेभावानं मोबाइल काढून थेट १९८० साल काढलं. रॉबर्ट हिक्सन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. गडी मुळात वजनं उचलणारा. सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला, आणि होलोझी पळणारे. साहेब पळतात म्हटल्यावर हाही साहेबांबरोबर पळू लागला. (साहेबांमागे पळताना अंगातलं बळ जातं हे शोधायला अमेरिकेत कशाला जायला हवं, मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये कुणीही सांगेल.) याचं अंग उतरायला लागलं. पुढे त्यानं रीतसर प्रयोगच केला. एका गटानं नुसती वजनं उचलायची, एकानं नुसतं धावायचं आणि सायकल मारायची, तिसऱ्यानं दोन्ही करायचं. दहा आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बाकीच्या वजनवाल्यांसारखीच वाढली, मग अडली, आणि शेवटी चक्क घसरली. तेव्हापासून याला इंटरफिअरन्स म्हणतात.

"म्हणजे लुडबुड," आतून बायकोचा आवाज आला. आमच्या घरात या शब्दाचं भाषांतर व्हायला वेळ लागत नाही.

मेहुणा म्हणाला, "पुढचं वाच ना. त्या तिसऱ्या गटाचा दम कमी झाला का? नाही. दम पळणाऱ्यांइतकाच वाढला. लुडबुड एकाच बाजूनं होते." आतेभाऊ म्हणाला, "म्हणजे गुन्हेगार कार्डिओच." मेहुणा म्हणाला, "म्हणजे नाजूक वेटच." दोघेही बरोबर होते. जेवणाच्या ताटावरचे वाद एरवी या थराला जात नाहीत.

याचं आतलं कारण आतेभावानं पुढे सांगितलं ते मला लगेच पटलं, कारण ते आमच्या गल्लीत रोज दिसतं. वजन उचललं की स्नायूत एमटॉर नावाचं एक खातं जागं होतं. त्याचं काम बांधकाम. लांब पळलं की इंधन संपत येतं आणि एएमपीके नावाचं दुसरं खातं जागं होतं. त्याचं काम काटकसर. ते पहिल्या खात्याला सांगतं, काम थांबव. आमच्या रस्त्यावर मे महिन्यात एका खात्यानं काँक्रीट ओतलं आणि जूनमध्ये दुसऱ्यानं पाइपासाठी ते फोडलं. फरक इतकाच की शरीरातली खाती एकमेकांना कळवतात.

मात्र त्या प्रयोगातला एक आकडा दोघांनीही घाईघाईनं पुढे सरकवला. तिसरा गट आठवड्याला पाच दिवस वजनं उचलत होता आणि सहा दिवस धावत किंवा सायकल मारत होता. अकरा सत्रं. मी पावती काढून पाहिली. जूनपासून माझ्या हजेरीच्या नोंदी बरोबर अकरा होत्या. हिक्सनच्या गटानं एका आठवड्यात केलं ते मी पाच महिन्यांत पुरवून पुरवून केलं होतं. दोन पक्षांत लुडबुड व्हायची तर आधी दोघांनी सभागृहात यायला हवं. माझ्याकडे गणपूर्तीच नाही.

तसा या भांडणाचा निकाल लागून काळ लोटला आहे, फक्त तो ट्रेनरपर्यंत पोचलेला नाही. २०२२ मध्ये मोरित्झ शूमान आणि मंडळींनी ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. दोन्ही व्यायाम केल्यानं स्नायूंची वाढ अडत नाही, जास्तीत जास्त वजन उचलायची ताकदही अडत नाही. झपाट्याची ताकद, म्हणजे उडी, फेक, झेप, ती थोडी मंदावू शकते, आणि तीही मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात उरकलं तर. तेव्हा ज्याला उंच उडीत मेडल आणायचं आहे त्यानं जपून असावं. जागतिक आरोग्य संघटना तर २०२०पासून सरळ सांगते, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेल असं काही करा आणि किमान दोन दिवस स्नायूंना कामाला लावा. दोन्ही. काउंटरवरच्या बाई जागतिक आरोग्य संघटनेच्या बाजूच्या निघाल्या, आणि मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला.

आमच्याकडे तालमीत हा प्रश्नच नव्हता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी गावोगाव सूर्यनमस्काराचा प्रचार करत फिरले, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही की महाराज, हे वेट की कार्डिओ. हजार बैठका मारणाऱ्या पैलवानाला पहिल्या शंभरात मांड्या दिसतात आणि पुढच्या नऊशेत फुप्फुसं. वस्तादांकडे दोनच शब्द होते, ताकद आणि दम, आणि एक असून दुसरं नसलेल्याला ते मातीत बसवून ठेवत. खाशाबा जाधवांची १९५२ची हेलसिंकीची गोष्ट सांगतात ती हीच. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती अगदी थोडक्यात गेली आणि लगेच, नियमातली अर्ध्या तासाची विश्रांती न देता, त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं केलं. भांडायला आपला कोणी पदाधिकारीच तिथे हजर नव्हता. तरी कांस्यपदक आणलं. ट्रेनर असता तर म्हणाला असता, "काका, दोन सत्रांत सहा तासांचं अंतर ठेवायला पाहिजे होतं."

अंतराचाच मुद्दा आहे. सकाळी वेट करा, संध्याकाळी कार्डिओ करा, असा सल्ला सगळे शहाणे देतात. सकाळ आणि संध्याकाळ हे दोन वेगळे पदार्थ आहेत असं समजणाऱ्यांचा हा सल्ला. डोंबिवलीकराच्या सकाळ-संध्याकाळच्या मध्ये सीएसएमटी येतं. घरातून निघाल्यावर इंडिकेटरवर जलद गाडी दिसते आणि ती नेहमी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर असते. पाठीवर लॅपटॉप, डबा, छत्री, पाण्याची बाटली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी. मग सॅक पुढे घेऊन एका हातानं कडी धरायची. वेट झालं, कार्डिओ झालं, अंतर शून्य मिनिटं. रेल्वेच्या कागदोपत्री या व्यायामाला रीतसर नाव आहे : सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरवर उभी चौदा ते सोळा माणसं. आमच्या जिमच्या भिंतीवर 'पुश युअर लिमिट्स' असं लिहिलंय. इथे ते लिहावं लागत नाही, मागचा माणूस करतो.

९ जून २०२५ला सकाळी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली आणि त्यातली काही गेली. त्या संध्याकाळी जिममध्ये कोणीतरी म्हणालं, ग्रिप कमी पडली असणार. मी डंबेल जागेवर ठेवलं आणि घरी आलो. जूनमधली ती माझी एक हजेरी.

असो. वरण निवलं होतं. दोघे आता क्रमावर आले होते. आधी वेट आणि मग कार्डिओ, की उलट? आतेभावाचं म्हणणं, ताज्या दमात वजन. मेहुण्याचं म्हणणं, वजनानं पाय गेले तर पळायचं कशावर? तेवढ्यात खालून हाक आली. घरघंटी आली होती.

चकलीची भाजणी गिरणीवाला मिरचीच्या मागोमाग दळतो, या गेल्या वर्षीच्या भांडणानंतर हिनं घरघंटी मागवली होती. वजन पन्नासेक किलो. टेम्पोवाला ती फाटकाशी ठेवून निघून गेला. आम्ही चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. ती पुनर्विकासात येणार आहे, आणि पुनर्विकास २०११पासून येणार आहे.

"दोघे आहातच," ही म्हणाली.

"ताई, माझी परवा हाफ मॅरेथॉन आहे," मेहुणा म्हणाला.

"वहिनी, आज माझा बॅकचा दिवस नाही," आतेभाऊ म्हणाला.

हिनं दोघांकडे पाहिलं. दोघे उतरले. आतेभावानं खालची बाजू धरली, मेहुण्यानं वरची, मी "सांभाळून" म्हणायचं काम घेतलं. पहिला मजला आतेभावाच्या जोरावर पार पडला. मेहुण्याकडे फक्त दिशा होती. दीडव्या मजल्यावर आतेभावाचा श्वास असा वाजायला लागला की तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडून कुकर कोणाचा विचारलं. मेहुण्याचा श्वास अगदी शांत होता, मनगटावरचं घड्याळ त्याला शाबासकीही देत होतं, पण बोटं सुटत होती. दुसऱ्या मजल्याच्या चौकात घरघंटी टेकली. तिथे दोघांनी दोन मिनिटं घेतली आणि त्या दोन मिनिटांत पुन्हा १९८० साल निघालं. दोष खालून उचलणाऱ्याचा की वरून ओढणाऱ्याचा? वाद रंगला, चहा झाला, पाचच्या गाडीला उशीर होतो म्हणून एक कल्याणला गेला आणि एक ठाण्याला.

घरघंटी अजून दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या काकूंनी मंगळवारी आपल्या दारातून एक्स्टेंशन ओढून भाजणी दळून घेतली. बुधवारी पहिल्या मजल्यावरच्यांनी अनारशाचे तांदूळ आणले. ही रोज पीठ घ्यायला दोन मजले उतरते आणि डबा घेऊन दोन मजले चढते. गेल्या आठवड्यात वजनकाट्यावर ती सव्वा किलोनं कमी भरली, माझा आकडा तसाच आहे. सोसायटीची नोटीस लागली आहे की जिन्यातली वस्तू आठ दिवसांत हलवावी, तोवर सभासदांनी दळणाच्या वेळा आपसात ठरवून घ्याव्यात.

दोघांना परत येत्या रविवारी बोलावलं आहे. कल्याणहून उत्तर आलं, त्या दिवशी रेस्ट डे आहे. ठाण्याहून आलं, लाँग रन.