बूड दाखवा

कपबशी समोर आली की चारचौघं कपाचा कान धरतात, फुंकर घालतात, फार तर चहा बशीत ओततात. काकाजी भरलेला कप डोक्याच्या वर नेतात आणि खालून त्याचं बूड पाहतात. शेजारी बसलेला माणूस नवखा असेल, तर तो एवढ्यात सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. आम्ही कारधेकर सरावलेलो आहोत. आम्ही फक्त मांडीवर रुमाल टाकतो.

बूड पाहून झालं की कप खाली येतो आणि निकाल लागतो. “खासगी भट्टी.”

हा निकाल आजवर कधीही बदललेला नाही. तरी घरची बाई दर वेळी दारात ट्रे धरून उभी असते, न जाणो आज आपल्या कपाचं नशीब उघडेल.

पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याला ‘भट्टी’ हा शब्द ऐकून दचकायला होतं. आमच्या भागात भट्टी म्हटलं की डोळ्यांपुढे एकच दुकान येतं, आणि तिथे कपबशी लागत नाही. एकदा कोणाचे तरी व्याही घाईघाईनं म्हणाले, “आमच्याकडे कोनी घेत नाई जी.” मग काकाजींनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावून सांगितलं. चीनमध्ये जिंगदेजेन नावाचं गाव आहे. तिथे मिंग आणि छिंग बादशहांसाठी भांडी भाजणारी शाही भट्टी होती, ती सरकारी. त्याच गावात आणि इतरत्र शेकडो कुंभार बाजारासाठी भांडी करत, त्यांच्या भट्ट्या खासगी. दोन्हींत फरक कसा ओळखायचा, एवढाच आता काकाजींच्या आयुष्याचा विषय आहे. व्याह्यांनी तोवर चहा संपवला होता. काकाजींचा मात्र गार झाला. तो नेहमीच होतो.

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. वैनगंगेच्या अलीकडे कारधा, पलीकडे भंडारा, मधे इंग्रजांच्या वेळचा जुना पूल. या मुलखात चिनी मातीचा जाणकार निपजावा याचं कोणालाही नवल वाटेल, पण ज्यांनी काकाजींची नोकरी पाहिली आहे त्यांना वाटत नाही. काकाजी वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. आठवडी बाजारात शिरायचं, दुकानदाराच्या तराजूतलं लोखंडी वजन उचलायचं, उलटं करायचं आणि खालच्या शिशात सरकारी शिक्का आहे की नाही ते पाहायचं. तीस-पस्तीस वर्षं माणूस हेच करत राहिला, तर त्याला जगातल्या कोणत्याच वस्तूची वरची बाजू दिसेनाशी होते. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली गणपतीची मूर्तीसुद्धा त्यांनी आधी उलटी केली होती. (मग नमस्कार केला. क्रम महत्त्वाचा.)

चिनी मातीचं वेड लागलं ते मुंबईत. मुलाकडे राहायला गेले, पावसानं घरात कोंडले गेले, म्हणून नातवानं त्यांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांनी जमवलेल्या वस्तू तिथे आहेत, त्यांत चिनी भांडीही आहेत. काकाजी कपाटासमोर उभे राहिले, मग वाकले, मग चक्क फरशीवर बसले आणि मान वाकडी करून काचेतून वर पाहू लागले. पहारेकरी धावत आला. “काका, बरं नाही का?”

“बरा हाओ मी. हे थोडं उलटं करून दाखवता का जी?”

पहारेकऱ्यानं दाखवलं नाही. तेव्हापासून काकाजी पुस्तकांतून, लिलावाच्या याद्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून ती बुडं पाहतात. खऱ्या सरकारी भट्टीच्या भांड्याला त्यांचा हात आजतागायत लागलेला नाही. ही गोष्ट त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

तपासणीची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी नखानं टिचकी. मग बल्बसमोर धरून पलीकडून बोटाची सावली दिसते का ते पाहणं. काकूजींची लोणच्याची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरी, या परीक्षेत पहिल्याच दिवशी नापास झाली. “ही चिनी माती नव्हेच. हे स्टोनवेअर. प्रकाश आरपार जात नाई.” काकूजी म्हणाल्या, “कैरीले उजेड लागत नाई.” बरणी होती तिथेच आहे.

यानंतर पाया. भांडं ज्या गोल कडेवर उभं राहतं तिच्यावरून काकाजी डोळे मिटून अंगठा फिरवतात. यूंगझेंग बादशहाच्या काळातली, म्हणजे १७२३ ते १७३५ मधली सरकारी कड इतकी गोल आणि नितळ असे, की चिनी जाणकार तिला चिखलातल्या एका निसरड्या माशाच्या पाठीची उपमा देतात. खासगीवाल्याला एवढी सवड कुठली? दक्षिण चीनमधल्या काही भट्ट्यांत भांडी रेतीवर ठेवून भाजत, आणि ती रेती पायाला तशीच चिकटून जहाजानं परदेशी जाई. पायाला रेती म्हणजे खासगी, हा नियम काकाजी मोठ्या आवाजात सांगतात, तेव्हा कारध्यातले ऐकणारे एकमेकांकडे पाहून गालात हसतात. वैनगंगेची रेती आमच्याकडे कोणाकोणाला चिकटली आहे तो विषय वेगळा.

मग ड्रॅगनची बोटं. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, खालच्यांनी चार किंवा तीनवर भागवावं. या नियमामुळे २०२० साली मोठा घोटाळा झाला. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर सगळं गाव चिखल उपसत होतं, आणि काकाजी हातात काठी घेऊन काठावर खापऱ्या शोधत होते. एक पांढरी खापरी सापडली. तिच्यावर पाय होता, पायाला तीन बोटं. “ड्रॅगन! खासगी, पन ड्रॅगन!” घरी आणून धुतली, तर मागचं चौथं बोटही निघालं आणि त्याच्या वर तांबडं पीस. ती कोंबडी होती. दुसरा कोणी निराश झाला असता. काकाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. कारण मिंग घराण्यातल्या चेंगह्वा बादशहाच्या काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लं रंगवलेला एक चिमुकला कप २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला होता. आपल्या पैशांत दोनशे कोटींहून जास्त. ल्यू यिछ्येन नावाच्या धनिकानं तो घेतला आणि त्यात चहा ओतून प्यायला. हे काकाजींना पाठ. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावून ‘घाबरू नको’ एवढंच सांगितलं, त्यामुळे मुलगा रात्रभर घाबरला. दुसऱ्या दिवशी खापरीचा उरलेला तुकडा शेजारच्या अंगणात मिळाला. लहान मुलांची जत्रेतली बशी होती. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत कंपनीचं नाव होतं.

शिक्क्याच्या बाबतीत मात्र चीननं त्यांना दुखावलं आहे. नोकरीत त्यांची श्रद्धा साधी होती. शिक्का आहे तर माल खरा. चिनी भांड्याखाली निळ्या रंगात सहा अक्षरं असतात, अमुक घराणं, अमुक बादशहाची राजवट, तेव्हा बनवलं. ती अक्षरं वाचता यावीत म्हणून काकाजींनी वहीत गिरवून काढली. आणि मग पुस्तकात वाचलं की चेंगह्वाचं नाव दोनशे वर्षांनंतरचे कुंभारही बिनदिक्कत घालत. कधी फसवायला, कधी निव्वळ जुन्यांच्या आदरानं. “आदरानं खोटा शिक्का?” काकाजी दोन दिवस जेवले नाहीत असं काकूजी सांगतात. (एकच वेळ जेवले नव्हते.) त्यांना धीर दिला तो जिंगदेजेनच्या एका स्थानिक अधिकाऱ्यानं. १६७७ साली त्यानं हुकूम काढला की भांड्यावर बादशहाचं नाव घालू नये, भांडं फुटलं तर नावाचा अपमान होतो. कुंभारांनी मग नावाच्या जागी कुठे पान काढलं, कुठे ससा, कुठे नुसतीच दोन रिकामी वर्तुळं. काकाजींना हा अधिकारी फार आवडतो. हुद्द्यानं आपल्याच बरोबरीचा, असं त्यांचं मत.

मिंग काळात सरकारी भट्टीतून खोट असलेलं भांडं बाहेर जात नसे, ते फोडून खड्ड्यात पुरत. १९८० नंतर जिंगदेजेनला असे खड्डेच्या खड्डे उकरले गेले आणि तुकडे जोडून भांडी उभी राहिली. ही हकिकत सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. हयातभर जप्त केलेली खोटी वजनं त्यांना आठवत असावीत.

शिक्का वाचायच्या सवयीनं गावात भांडणंही झाली आहेत. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची रीत. एका लग्नात स्टीलचा डबा आहेरात आला. काकाजींनी उचलला, उलटा केला आणि मांडवात खणखणीत आवाजात वाचून दाखवला. देणारा एक, आणि बुडावरचं नाव भलत्याचंच, तारीख बारा वर्षांपूर्वीची. तो डबा किती घरं फिरून आला होता ते तिथल्या तिथे उलगडलं. दुसरा प्रसंग एका माळकऱ्याच्या घरचा. सत्यनारायणाची पूजा झाली, खास पाहुण्यांसाठी नवे कप निघाले. काकाजींनी बूड पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, “वा, बोन चायना! इंग्रजांची युक्ती. मातीत जनावराच्या हाडांची राख घालतात.” हातातले सगळे कप एकदम खाली आले. त्या घरी आता काकाजींना स्टीलच्या पेल्यात चहा मिळतो. पेल्याचंही बूड ते पाहतातच.

वाद घालणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक राखीव अस्त्र आहे. मिंग काळाच्या उत्तरार्धात मागणी इतकी वाढली की सरकारी भट्टीला झेपेना. मग बादशहाचा माल खासगी भट्ट्यांना वाटून दिला जाऊ लागला. बिघडला तर भरपाई कुंभाराच्या माथी. एरवी चीनचं नाव काढताच उठून जाणारे आमचे चावडीवरचे लोक हे मात्र एका झटक्यात समजले. “म्हंजे टेंडर काढला म्हना ना जी!” काकाजींना पहिल्यांदाच सगळ्यांनी माना डोलावलेल्या दिसल्या. सरकारी आणि खासगी यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे मग त्यांनाच सांगता येईना.

मला काकाजी खरे कळले ते शेजारच्या म्हातारीच्या वाडग्यामुळे. तिचे सासरे बंगाल-नागपूर रेल्वेत होते, त्यांनी कलकत्त्याहून आणलेला निळा-पांढरा वाडगा. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या सासूनं तो चुलीजवळ कधी येऊ दिला नाही, म्हणून धडका राहिला. म्हातारीनं तो पदरात गुंडाळून आणला. काकाजींनी टिचकी मारली, अंगठा फिरवला, बूड पाहिलं. शिक्का नाही. पाया खरबरीत. आतल्या बाजूला निळ्या रंगात एक फूल, चार फटकाऱ्यांत काढलेलं, एक पाकळी रेघेबाहेर गेलेली. त्या फुलाकडे ते इतका वेळ पाहत बसले की म्हातारीला आशा वाटू लागली.

“खासगी भट्टी,” काकाजी म्हणाले. मग नेहमीसारखे उठले नाहीत. सुंग यिंगशिंग नावाच्या चिनी माणसानं १६३७ सालीच लिहून ठेवलंय, म्हणाले, एक कप तयार व्हायला बहात्तर हात लागतात. सरकारी भट्टीत रेघ काढणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा, वरून आलेल्या नमुन्याच्या बाहेर केसभरही जायची सोय नाही. “हे फूल मात्र एकाच मानसाचं हाय, आजी. दिवसाचे शेकडो वाडगे रंगवत असंल. हात कसा पळला पाय. सरकारी कारागिराले असं फूल काढता आलं नसतं. काढलं असतं तं वाडगा फोडला असता.”

“मंग विकला तं किती येतीन?”

“काही नाई येत.”

“मंग कायले एवढा येळ लावला, बाप्पा?” म्हातारीनं वाडगा पदरात घेतला आणि निघून गेली. काकाजींनी तिला दोनदा हाक मारली, वाडग्याला तडा जाईल, नीट धर म्हणून.

तेव्हापासून एक फरक पडला आहे, आणि तो ऐकणाऱ्यालाच कळतो. निकाल तोच, ‘खासगी भट्टी’. पण पूर्वी हे दोन शब्द दंडाच्या पावतीसारखे फाडून हातात पडत. आता ते म्हणताना कप थोडा जास्त वेळ वर राहतो.

काकाजींचं फिरणं दांडगं आहे. भंडारा, लाखनी, साकोली, कुठेही लग्नकार्याला जातात, आणि प्रत्येक गावात त्यांच्यासारखा एखादा असतोच. तो तुमच्याकडे आला, तर एवढं करा. चहा ओतू नका. आधी रिकामा कप हातात द्या, बूड पाहू द्या, बल्ब लावून द्या, निकाल ऐका, आणि मग ओता. त्याला एकदा तरी गरम मिळेल, आणि तुमचा सोफाही वाचेल.