आबांचा अर्धा गुण

गडबच्या वाचनालयात मोठ्या माणसांसाठी स्थानिक इतिहासाचा खेळ मांडायचा म्हटलं, की ग्रंथपालाला पहिली काळजी प्रश्नांच्या पत्त्यांची नसते, आबांची असते. एका बाजूला पेण, दुसऱ्या बाजूला रोहा. गडब पेण तालुक्यातलं, म्हणून आबा पेणच्या गटात. रोहेकरांना हे मनापासून मान्य असतं, पेणकरांना नाइलाजाने.

खेळ सगळ्यांना खेळता यावा म्हणून पायऱ्यांशेजारी उतार केलेला असतो. मोतीबिंदूवाल्यांसाठी पत्त्यांवर ठळक मोठी अक्षरं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचायचा. ही शेवटची सोय आबांना भलतीच मानवते. पहिल्या वाचनाला ते उत्तर देतात, दुसऱ्या वाचनाला ते बरोबर कसं हे सांगतात. मधल्या वेळेत कोणी खरं उत्तर दिलंच, तर ते ऐकू येत नाही.

"विनोबा भाव्यांचा जन्म कुठला?"

"गागोदं! 11 सप्टेंबर 1895!" पेणचा गट तारखेसकट ओरडतो. पण गुण इतका सरळ मिळाला तर आबांना करमत नाही. "आमचा आजा बैल घेऊन जायाचा त्या वाटेनं." मग बैल केवढ्याला घेतला, मारका कसा निघाला... ग्रंथपाल वाळूचं घड्याळ पुन्हा उलटं करतो.

"रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943?"

"चिंतामणराव देशमुख, आमचे!" रोहा.

"जन्म नात्याचा. महाडकडं." आबा.

"घर रोह्याचं!"

"मग अर्धा गुण."

अर्धा गुण नियमांत कुठेही नाही. रोहेकर चिडून पांडुरंगशास्त्री आठवले काढतात. ते रोह्यातच जन्मले, 1920 साली, तिथे आबांचा इलाज चालत नाही. मग आबा ती कसर कोकण रेल्वेवर काढतात. ती रोह्यापासून सुरू होते हे त्यांना कबूल असतं. "पन मुंबईची गाडी रोह्याला काय आभाळातनं येते? पेणवरनं, कासूवरनंच येते ना?" खोटं काय त्यात?

आबांना सन मात्र विचारायचा नाही. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड कधी झालं? पत्त्यामागे 1981. आबांचं उत्तर: "मोठी खांड गेली, त्याच्या मागनं." कुठली खांड, असं रोहेकरांतला एखादा शहाणा विचारतो आणि खेळ तिथेच थांबतो. कारण खाडीकाठच्या या खारेपाटात हा प्रश्न किरकोळ नाही. भरतीच्या पातळीखालची ही भातशेती मातीच्या बांधामुळे जगते. बांधातली उघाडी ओहोटीला पावसाचं पाणी खाडीत सोडते, भरती आली की बंद होते. उधाणात बांध फुटला म्हणजे खांड गेली. खारं पाणी आत शिरलं की त्या सालचं पीक तर जातंच, पुढच्याचाही भरवसा राहत नाही. खांड बुजवायला घरटी माणूस बाहेर पडायचा, ती जोळ. सरकारचा खारजमिनीचा कायदा आला तो 1948 साली. बांध त्याच्या कितीतरी आधीचे. आबा हे सगळं सांगतात तेव्हा, खरं बोलायचं तर, पत्ते जरा पोरकट वाटायला लागतात. पण ते सांगताना थांबत नाहीत, त्यामुळे आदर फार वेळ टिकत नाही.

शेवटी बोटांनी चाचपायचा नकाशा पुढे येतो. खाडी पॉलिशपेपरची, बांध सुतळीचा. रोह्याच्या गटातल्या एक काकू, ज्यांना दिसत नाही, सुतळीवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "यात उघाडी कुठाय?"

नकाशा करणाऱ्याने उघाडीच ठेवलेली नसते. आबा ताबडतोब मेणाचा गोळा घेऊन दोन उघाड्या बसवतात. काकू बोट लावून बघतात. "ही दुसरी चुकली. ती खालच्या अंगाला, वळणापाशी."

आबांना जन्मात कोणी उघाडीवरून टोकलेलं नसतं. ते आपल्या बोटाने नकाशावरून सावकाश जातात, वळणापाशी थांबतात, मेण उपटून खाली लावतात.

"गुण रोह्याला," ग्रंथपाल म्हणतो.

"थांब," आबा म्हणतात. "काकू, माहेर कुठलं तुमचं?"

"वडखळ."

"म्हणजे पेण तालुका. जन्म आमच्याकडचा, गुण पेणला!"

"अर्धा," अख्खा रोहा एका सुरात म्हणतो.