सोन्याच्या पिना आणि खारी हवा

गणपतीच्या तोंडावर मुंबईहून रत्नागिरीत उतरणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत काय काय असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मखराचं सामान, काकूची साडी, आणि हल्ली लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली एक पारदर्शक डबी. डबीत स्पीकरच्या वायरीला लावायच्या बनाना पिना, त्याही सोनेरी.

"चोवीस कॅरटचा मुलामा आहे, काका. आवाज बघा कसा खुलतो."

काका चष्मा कपाळावर चढवून डबी उजेडात धरतात. "मग ह्या स्पीकरला लावायच्या की काकूच्या कानात?"

प्रश्न वाटतो तितका वाह्यात नाही. १९२४ पासून ही पिन वापरात आहे. ती आधी कुणी काढली यावर जर्मनीतले रिचर्ड हिर्शमन आणि अमेरिकेतली जनरल रेडिओ कंपनी असे दोन दावेदार आहेत. वाद कोकणातल्या बांधावर असता तर आज चौथी पिढी तारखा घेत असती. ४ मिलिमीटरची पिन, मधे फुगीर स्प्रिंग, म्हणून ती भोकात घट्ट बसते. तिचं काम एवढंच. पिनेमुळे आवाज गोड होत नाही. मात्र उघड्या तांब्याची एखादी मोकळी तार लालवरून काळ्याला जाऊन चिकटली, तर अँप्लिफायरचा, म्हणजे अँपचा, प्राण जाऊ शकतो. तो धोका पिनेमुळे बराच कमी होतो.

आवाजाचं खरं गणित वायरीत आहे. रत्नागिरीच्या राम आळीत वायर मागितली की विचारतात, "तेवीस शहात्तर की चाळीस शहात्तर?" नवख्याला वाटतं, दुकानदार पाढे म्हणतोय. चाळीस शहात्तर म्हणजे चाळीस तारा, प्रत्येकीची जाडी इंचाच्या दहा हजार भागांतले ७६ भाग. अशी दहा मीटर वायर घेतली तर जाऊन-येऊन वीस मीटरचा रोध ०.३ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे चार टक्क्यांच्याही आत झालं. माजघरापासून पडवीपर्यंत एवढी वायर पुरे. फसगत होते ती तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीत. ब्लेडने एक तार खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चालू लागावं. वरच्या प्लास्टिकची काळजी नको. पीव्हीसीची राळ करणारा फिनोलेक्सचा कारखाना इथून जवळच, रनपारला समुद्रकाठी आहे, तेव्हा ते आवरण आपल्या गाववाल्याचंही असू शकेल.

पुतण्या एका बाबतीत मात्र बरोबर असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. सोनं गंजत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाराही महिने मांडवीकडून येणारा खारा वारा, यांच्यापुढे उघडं तांबं हिरवं पडतं आणि मग स्पीकर खरखरतो. इथे मुलाम्याची किंमत वसूल होते, पण ती गंजाच्या खात्यात. मुलामाही पातळच असतो. पिन सारखी काढघाल केली की आतलं पितळ वर येतं.

आता जोडणी. वायरीचं टोक सेंटिमीटरभर सोलायचं, तारा पिळायच्या, पिनेत घालून बारका स्क्रू आवळायचा. इथे काकांना तरुणपणचा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स आठवतो आणि माळ्यावरून सोल्डरिंग गन खाली येते. तिला नम्रपणे परत वर पाठवावं. स्क्रूच्या दाबाखाली शिशा-कथलाचं टोक हळूहळू चेपत जातं आणि जोड ढिला होतो.

पिन घेऊन अँपमागे गेलं, तर भोकच नाही! तिथे लाल-काळी बुचं बसवलेली असतात. युरोपात विजेच्या सॉकेटातल्या दोन भोकांमधलं अंतर १९ मिलिमीटर, आणि जुळ्या बनाना पिनांमधलंही तेवढंच. कुणी स्पीकरची वायर थेट भिंतीत खोचू नये म्हणून ही खबरदारी. आपल्या पाच अँपिअरच्या सॉकेटचंही माप तेच आहे. बुचं सुईने निघतात, अँपचा प्लग काढून ठेवला तर. पण जुळी पिन पाच वर्षांच्या नातवाच्या हाती लागू देऊ नये.

शेवटी आरती सुरू होते. झांज खणखणीत, मृदंग मात्र गायब. घरातले सगळे पिनांकडे संशयाने बघतात. दोष असतो एका स्पीकरच्या उलट्या जोडणीत: एकाचा पडदा पुढे, दुसऱ्याचा मागे, आणि खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी अँपपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचं धन टोक लाल खुणेला लावल्यावर मोठा पडदा बाहेर सरकला तर जोडणी बरोबर.

मुंबईहून येणाऱ्या समस्त पुतण्यांना एवढीच विनंती: पिना सोनेरी आणा, हरकत नाही. पण त्या स्क्रूत बसेल असा बारका स्क्रूड्रायव्हरही आणा. गणपतीच्या आदल्या रात्री तो अख्ख्या आळीत कुणाकडे मिळत नाही.