पाण्याला एंट्री नाही

चाकणला कामगार ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचा धंदा ज्याचा आहे, त्या प्रत्येक शेठला कधी ना कधी साक्षात्कार होतो की डिझेलवर आपला डोळा आहे, पण ऑइल कोण पितंय? आमच्या शेठना तो झाला आणि मोशीच्या यार्डात सॉफ्टवेअर आलं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, क्राऊनचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, ग्रीस, युरिया... गाडीत जे जे ओतलं जातं त्याची नोंद. कुठल्या गाडीत, किती, कशाला आणि किती किलोमीटरला.

ते बसवायला हिंजवडीहून एक मुलगा आला. गुणी पोरगा, सगळ्यांना सर म्हणायचा. त्याने मिस्त्रींना विचारलं, "सर, टॉपअपला साधारण किती लागतं?" मिस्त्रींनी इंजिनातली ऑइलची काडी ओढली, बनियन वेस्टने पुसली, परत घातली, परत ओढली, उजेडाकडे धरली आणि अंगठ्याचं पेर दाखवून म्हणाले, "एवढं." मुलाने लॅपटॉपकडे पाहिलं. रकाना लिटरचा होता.

तसं माप आमच्याकडे होतं. कूलंटचा पाच लिटरचा रिकामा कॅन, वरून कापलेला, अंगावर बॉलपेनच्या रेघा. त्यातल्या मधल्या दोन ऑइलच्या हातांनी कधीच पुसल्या गेल्यात. उरलेल्या रेघा लिटरच्याच आहेत असं सगळे मानतात आणि त्यावरून आजवर भांडण झालेलं नाही.

रकाना भरल्याशिवाय जॉबकार्ड बंद होईना, म्हणून हेल्परने रस्ता काढला. तो सगळीकडे 1 टाकू लागला. महिनाअखेरीस रिपोर्ट आला तेव्हा दहा वर्षं जुनी गाडी आणि गेल्या दसऱ्याला हार घातलेली गाडी, दोघींनी टॉपअपला दर वेळी बरोब्बर एक लिटर ऑइल घेतलेलं. शेठ खूश. इतका टापटीप हिशेब त्यांनी बँकेतसुद्धा पाहिला नव्हता.

टॉपअप वेगळा लिहायचा आणि ऑइल बदललं ते वेगळं, हे मात्र त्या मुलाने डोक्यात शिरेपर्यंत सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. बदललेलं ऑइल ठरल्या मापाचं असतं, त्यातून काही कळत नाही. इंजिन ऑइल जाळतंय की कुठे सील गळतंय, ते टॉपअपच सांगतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच आकडा आमच्याकडे 1 होता.

मग स्टोअरमधल्या २१० लिटरच्या बॅरलची शिल्लक एक दिवस उणे १४ झाली. ओतलं होतं २० लिटरच्या बादलीतून, वजा झालं बॅरलमधून. स्टोअरकीपर काकांनी बॅरलवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "अर्धा भरलाय."

"सिस्टिमप्रमाणे काहीच नाहीये, सर."

"मग नळातून गळतंय ते काय तुझ्या सिस्टिमचं आहे?"

किलोमीटरवरून मोठा वाद झाला. ऑइल बदलायची सूचना किलोमीटरवर लावलेली, आणि आमच्या गाड्या नाशिक रस्त्यावर चालत नाहीत, उभ्या राहतात. चिंबळी फाट्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत मीटर जेमतेम हलतो, इंजिन मात्र पूर्ण वेळ धडधडत असतं. ऑइलचं वय इंजिन चालतं त्या तासांनीही वाढतं. मिस्त्री म्हणाले, "याला किलोमीटर दिसतात, तळेगाव चौक दिसत नाही." सॉफ्टवेअरमध्ये इंजिन-तासांचीही सोय निघाली. ती चालू केल्यावर अर्ध्या गाड्या एका सकाळी लाल झाल्या आणि शेठनी ती बंद करायला लावली.

युरियाची तऱ्हा आणखी वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मोठ्या डिझेल गाड्यांना त्याची वेगळी टाकी सर्रास दिसू लागली. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर लागतो, संपला की गाडीचा जोर जातो. खेडकडच्या एका ड्रायव्हरमामांनी विचारलं, "घरी अर्धी गोण पडलीय, विरघळवून आणू का?" टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, आणि खताच्या युरियाला २०१५ पासून सरसकट कडुलिंबाचा लेप असतो, हे मामांना समजावलं. तो लेप उसाला मानवतो, सायलेन्सरमधल्या जाळीला नाही. तिकडे रिपोर्टमध्ये एका गाडीपुढे धोक्याचं चिन्ह आलं होतं, कारण ती युरियाचा थेंबही घेत नव्हती. मुलगा चोरीच्या संशयाने पार्किंगपर्यंत जाऊन आला. गाडी जुनी बीएस-३, तिला ती टाकीच नाही.

जळक्या ऑइलबद्दल मी फार बोलणार नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारकालाच द्यायचं असतं. आत १४ लिटर गेलं आणि बाहेर १२ आलं तर मधलं कुठे गेलं, असं सॉफ्टवेअर विचारतं. थोडं जळतं, थोडं फिल्टरमध्ये राहतं. मामांच्या गावच्या गोठ्याचे खांब कसे आहेत हे विचारणारा रकाना त्यात नाही, एवढं बरं आहे.

पण खरी गंमत कूलंटची. सगळ्यांत उत्तम रिपोर्ट ज्या बसचा, ती रोज यार्डात वाफा सोडत यायची. कूलंटचा खप शून्य. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "कूलंट कशाला घालीन? रेडिएटर गळतोय. पाणी घालतो. पाण्याला एंट्री कुठाय?"

मुलाने त्याच दिवशी यादीत पाणी घेतलं. सिस्टिमने शून्य किंमत नाकारली, म्हणून लिटरला १ रुपया लावला. पुढच्या महिन्यात त्याने उत्साहाने शेठना आलेख दाखवला. ती बस एका दिवशी भरपूर पाणी पीत होती, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, तिसऱ्या दिवशी परत भरपूर. महिनाभर अगदी घड्याळासारखं. "असा पॅटर्न मी कधी पाहिला नाही, सर," तो म्हणाला. "हा नक्की थर्मोस्टॅट आहे."

आमच्या पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. नळाच्या दिवशी हेल्पर पाइप लावून रेडिएटर भरतो आणि एंट्री करतो. बिननळाच्या दिवशी त्या बसचे ड्रायव्हरमामा चाकणला पेट्रोल पंपावर भरून घेतात, तिथे आमचं सॉफ्टवेअर नाही. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्रींनी मला कोपराने ढोसलं.

"बरोबर आहे साहेबांचं," ते शेठना म्हणाले. "थर्मोस्टॅट बदलायलाच पाहिजे. आणि तो खोलतोच आहे, तर रेडिएटरपण नवा टाकून घेऊ. दोन वर्षं मागतोय."

शेठनी आलेखावर सही केली.