गीझरपालन : नवशिक्यांसाठी

शेळीपालनाच्या पुस्तिका मिळतात, मत्स्यपालनाची शिबिरं भरतात. गीझरपालनाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आमगावात तर त्याची गरज जास्त. थंडीत विदर्भाच्या तापमानाच्या यादीत गोंदियाचा आकडा बहुतेक वेळा तळाशी असतो आणि ती थंडी आमगावाला वळसा घालून जात नाही. दिवाळीत गीझर घरी येतो, डिसेंबरात त्याचं कौतुक होतं, होळीनंतर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अशी तीन-चार वर्षं गेली की एका दिवाळीत बटण दाबल्यावर टाकीच्या बुडातून पाणी ठिबकतं. घरातले मामाजी काही बोलत नाहीत, फक्त अंगणातल्या चुलीकडे बघतात. मामाजींची ती नजर टाळायची असेल, तर पुढचं वाचा.

प्रथम गोठा, म्हणजे जोडणी. २,००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्याला मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर बांधायचं असेल, तर आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास ओळखायला शिकावं. तो अभ्यास नको असेल, तर १६ अँपिअरचं सॉकेट आणि धड अर्थिंग घ्या. अर्थिंग आहे की नाही, हे ओल्या हाताने नळाला हात लावून तपासायची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. तिचा दोष एवढाच, की ती काही वेळा एकदाच वापरता येते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि अंगावर पाणी घेण्याआधी बटण बंद करा, मागून कुणी गोंदियाच्या गाडीची घाई लावत असलं तरी.

आता आहार. गीझरला बोअरचं पाणी पाजत असाल, तर ज्या जर्मनच्या भगुण्यात पूर्वी आंघोळीचं पाणी तापायचं त्याचं बूड बघा. पांढरा, खरखरीत थर असेल, तर तोच थर आता गीझरच्या कॉइलवर बसतोय, फरक इतकाच की तो घासणीच्या हाताला लागत नाही. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम तापवल्यावर चुनखडी होऊन बाहेर पडतं, आणि पाणी जितकं कडक तापवाल तितकं जास्त. थराखाली कोंडलेली कॉइल स्वतःच तापत राहते आणि एक दिवस जळते. त्याआधी गीझर खडखडून तक्रार करतो. घरातले ती तक्रार ऐकतात आणि ‘चांगलं तापतंय’ म्हणून खूश होतात.

उपाय दोन. थर्मोस्टॅटचा काटा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवण्याचा मर्दपणा सोडा, ५५-६० अंश पुरे. एवढ्या तापलेल्या पाण्यात तसंही थंड मिसळूनच आंघोळ करायची असते. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मेन स्विच पाडून, टाकी गार आणि रिकामी करून मिस्त्रीकडून कॉइल बाहेर काढवा. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात ती बुडवली, की थर फसफसून सुटतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मिस्त्री आलाच आहे, तर त्याला या शास्त्रातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारा : ‘भाऊ, कांडी किती उरली?’ लोखंडाच्या टाकीला आतून काचेचा लेप असतो, पण लेपाला कुठे ना कुठे बारीक छिद्रं राहतातच. तिथून टाकी सडू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. पाण्यात लोखंड आणि मॅग्नेशियम एकमेकांना जोडलेली असली, की आधी मॅग्नेशियम झिजतं आणि लोखंड वाचतं. कांडी नवी असताना गुळगुळीत आणि बोटाएवढी जाड असते. काही वर्षांनी बाहेर येते ती खड्डे पडलेली, कुठे फुगलेली, कुठे नुसती आतली तार उघडी पडलेली. तार दिसली की बदला. कॉइल महाग म्हणून सगळे तिचीच चौकशी करतात, पण कॉइल जळली तर नवी बसते. टाकी फुटली तर गीझर भंगारात जातो, आणि टाकीचं आयुष्य या स्वस्त कांडीवर असतं.

ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. १८२४ मध्ये त्याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले खुशाल चिकटू लागले, जहाजं मंदावली, आणि आरमाराने तो नाद सोडला. आपल्या न्हाणीघरात शिंपल्यांची भीती नाही.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळलं, तर एम-सील शोधू नका. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की पेलाभर फुगतं. मागे जायला वाट नसेल, तर ते तिथूनच बाहेर पडणार. ती वाट बुजवली तर पाणी दुसरी शोधतं. गीझर बंद असतानाही गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदला.

उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले आणि व्होल्टेज १६० वर आलं, तर कॉइलची काळजी नको. तिची ताकद निम्मी होते, पाणी दुप्पट वेळ घेतं, बस. शिव्या द्या, पण गीझरला नको.

राहिला उन्हाळा. गीझर नुसते थंडीतल्या कामाने मरत नाहीत, होळी ते दिवाळी साचलेल्या पाण्यात उभे राहूनही मरतात. एक तर टाकी रिकामी करून ठेवा, नाही तर तिला कामाला लावा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. तेच पाणी रात्री गीझरमध्ये भरून ठेवलं, तर जाड आवरणामुळे दुसऱ्या दुपारपर्यंत बऱ्यापैकी गार राहतं. फक्त बटणावर चिकटपट्टी लावा, कारण घरात लहान पोरं असतात आणि मोठीही. पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा : थंड पाणी हवं असेल तर लाल खुणेची तोटी सोडा, निळीला हात लावू नका, भाजेल.