ठळक अक्षरांतले आकडे

पेन्शन किती, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. क्रिएटिनिन मात्र न विचारता सांगतात. बागेतल्या फेऱ्या संपल्या की बाकावर रिपोर्ट निघतात, आणि ज्याच्या कागदावर एकही आकडा ठळक छापलेला नाही, त्या बिचाऱ्याला बोलायला काही उरतच नाही.

असे बिचारे थोडेच, त्यालाही कारण आहे. लॅबची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरते : धडधाकट माणसांचे आकडे घ्यायचे, मधले ९५ टक्के ठेवायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही विसातल्या सरासरी एका तपासणीवर ठपका यायचा. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर सगळ्यांत पास होण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. आणि सवलतीतलं पॅकेज साठ-सत्तर तपासण्यांचं! (लग्नाच्या वाढदिवसाला ते आईवडिलांना भेट देणारी मुलं असतात.)

दशांश चिन्हाचा तर आपल्याला भलताच धाक. वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. फॅरनहाइटमध्ये त्याचे ९८.६ झाले, आणि त्या पॉइंट सहाच्या रुबाबावर ९९ दिसताच शाळा बुडवायची सोय झाली.

बीपीच्या मशीनसोबतचा कागद सांगतो, पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, बोलू नका.

‘‘अहो, बोलू नका, मोजणं चालू आहे.’’

‘‘मी कुठे बोलतोय?’’

१५२. पुन्हा पट्टा. १३८. मग १३१, आणि तो वहीत. मोजणं कसलं, ही तर घासाघीस! दोन-तीनदा मोजावं, असं डॉक्टरही सांगतात म्हणा. फक्त त्यांना सरासरी हवी असते, आपल्याला सगळ्यात कमी.

सगळ्यात जास्त नाट्य मात्र ग्लुकोमीटरमध्ये. चांगल्या यंत्रालाही १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. १५० म्हणजे १३०ही असेल, १७०ही. तेव्हा काल १४० आणि आज १४८, म्हणून कालच्या जिलबीवरून भांडण्यात अर्थ नाही. पण शेजारच्या काकांची साखर मे महिन्यात एकदम २६० निघाली. काकूंनी फ्रीज तपासला, खिसे तपासले. काका शपथेवर सांगत होते, आमरस खाल्ला नाही, नुसता काढला. आणि ते खरंच होतं! बोटाला राहिलेला आंब्याचा अंश रक्ताच्या थेंबात मिसळला की यंत्र त्याचीही साखर मोजतं. स्पिरिटचा बोळा फिरवूनही तो जाईलच असं नाही. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं, १३२.

काका उठले आणि वाटी घेऊन आले. ‘‘आता निर्दोष सुटलो ना? मग वाढ.’’